लष्करात मिशनची शाळा नव्हती, म्हणून रडायचं कशाला?



आपल्या या ग्रुपवर एक वाक्य दर दोन-चार महिन्यांनी हमखास उगवतं. कोणीतरी महाराज बाड्याचा जुना फोटो टाकतं, खाली आठवणी सुरू होतात, आणि तिसऱ्या-चौथ्या कॉमेंटला कोणीतरी उसासा टाकतं, "आपल्या लष्करात एखादी जुनी मिशनची शाळा असती ना, तर आपली मुलं पुण्या-मुंबईच्या मुलांच्या बरोबरीनं गेली असती." लगेच त्याला पंचवीस अंगठे.

नुसता उसासा होता तोवर ठीक होतं. आता त्याचा ठराव झालाय. आपल्यातल्याच एका मंडळाच्या वार्षिक सभेपुढे असा प्रस्ताव येतोय, की समाजाच्या शिष्यवृत्ती निधीतून यापुढे मदत द्यायची ती फक्त "नामांकित इंग्रजी शाळेत" शिकणाऱ्या मुलांना. सरकारी शाळेत, हिंदी माध्यमात जाणाऱ्या मुलाला नाही. कारण काय? तर आपण मागे राहिलो ते अशा शाळा नव्हत्या म्हणून, निदान पुढच्या पिढीचं तरी भलं होऊ दे. मंडळाचं नाव घेत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलंय.

मी कॉमर्सचा माणूस. सगळी नोकरी बँकेत गेली. खातं जुळत नसेल तर खाली सही करायची नाही, ही एक सवय तेवढी शिल्लक आहे. हे खातं जुळत नाही, म्हणून लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

पहिली नोंद "मिशन" या शब्दाचीच तपासू. आपण सगळ्या गोऱ्या पाद्र्यांना एकाच खात्यावर टाकतो. महात्मा फुले पुण्यात ज्या शाळेत शिकले ती स्कॉटिश मिशनची. मुंबईचे डॉ. विल्सन, ज्यांच्या नावाचं कॉलेज चौपाटीवर उभं आहे, तेही स्कॉटिश. अहमदनगरला मिस फरार यांची मुलींची शाळा फुल्यांनी पाहिली, ती अमेरिकन मिशनची. आपल्याकडे सर्रास "कॉन्व्हेंट" म्हणतात त्या नन्सच्या शाळा बहुतेक रोमन कॅथलिक. या मंडळींचं आणि इंग्लंडच्या सरकारी चर्चचं आपसांत फारसं सख्य नव्हतं.

इंग्लंडचं ते सरकारी चर्च म्हणजे अँग्लिकन. राजा त्याचा प्रमुख. हिंदुस्थानात ते आलं तेही सरकारी खात्यासारखं. १८१३ च्या चार्टर कायद्यानं कलकत्त्याला एक बिशप आणि तीन आर्चडीकन नेमायची तरतूद झाली. बिशपचा पगार ठरला वर्षाला ५००० पौंड, आणि तो द्यायचा कुठून? इथल्याच महसुलातून. १८१४ ला कलकत्त्याचा बिशप आला, १८३५ ला मद्रासला, १८३७ ला मुंबईला. म्हणजे हेड ऑफिस लंडन, झोनल ऑफिसं तीन, आणि खर्च शेतकऱ्याच्या साऱ्यातून. आपण ज्या "जुन्या, भारदस्त, दगडी" शाळांचे फोटो बघून हळहळतो, त्यांतल्या बऱ्याचशा या चर्चच्या. तेव्हा हिशेब या चर्चच्या शाळांचाच करू. त्या कुठे निघाल्या, आणि का?

नकाशा समोर घ्या आणि खुणा करत चला.

दार्जिलिंगचं सेंट पॉल्स. १८२३ ला कलकत्त्यात निघालेली शाळा, १८६४ ला उचलून दार्जिलिंगला नेली. सिमल्याचं बिशप कॉटन, १८५९. बंगळूरचं बिशप कॉटन, १८६५. नैनितालचं शेरवूड, १८६९. जबलपूरचं क्राइस्ट चर्च, १८७०. मुंबईत कॅथीड्रल, १८६०. पुण्यात कँपातलं बिशप्स, १८६४, आणि सेंट मेरीज, १८६६. नागपुरात बिशप कॉटन, त्याच दशकातलं. पाचगणीला सेंट पीटर्स, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. देवळालीला बार्न्स, १९२५.

आता बँकेतल्या कोणत्याही जुन्या माणसाला ही यादी दाखवा आणि विचारा, बाबा, यात समान काय? तो दोन मिनिटांत सांगेल. एक तर थंड हवेचे डोंगर, नाही तर छावणी, नाही तर मोठं बंदर किंवा रेल्वेचं मोठं स्टेशन. जिथे गोरा माणूस राहत होता, किंवा आपल्या बायकापोरांना उन्हाळ्यात ठेवत होता, तिथे शाळा. पुण्यातली शाळा सदाशिव पेठेत निघाली नाही, कँपात निघाली. नाशिक जिल्ह्यातली पंचवटीत नाही, देवळालीच्या छावणीपाशी निघाली.

हे आपोआप झालेलं नाही. यामागे एका माणसाची स्वच्छ योजना होती. जॉर्ज कॉटन, कलकत्त्याचा बिशप. आधी इंग्लंडात रग्बीच्या प्रसिद्ध शाळेत मास्तर, मग मार्लबरोचा हेडमास्तर. तो इकडे आला १८५८ साली. साल लक्षात ठेवा, कारण आपल्या ग्वाल्हेरकरांना ते सांगायला लागत नाही. त्याच वर्षीच्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई इथे आपल्या गावात पडल्या. सत्तावनचं बंड मोडलं, म्हणून पुढच्या वर्षी, १८५९ च्या जुलैत, इंग्रजांनी चर्चमधून देवाचे आभार मानले. त्या दिवशी जी वर्गणी गोळा झाली, तिचं काय करायचं? कॉटननं ठरवलं, डोंगरावर शाळा काढायची. सिमल्याच्या शाळेचा जन्म तिथला.

आणि कोणासाठी? हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांच्या आणि युरेशियन लोकांच्या मुलांसाठी, म्हणजे पुढे ज्यांना अँग्लो-इंडियन म्हणू लागले त्यांच्या. ज्यांच्याजवळ पैसा होता ते साहेब मुलांना थेट विलायतेला पाठवत. ज्यांना ते परवडत नव्हतं, म्हणजे रेल्वेचे ड्रायव्हर-गार्ड, तारखात्यातले लोक, कारकून, सोल्जर, त्यांच्या मुलांचं काय, हा सरकारपुढे प्रश्न होता. ही मुलं अशिक्षित राहिली तर राज्यकर्त्यांची अब्रू जाईल, अशी काळजी खुद्द गव्हर्नर जनरल कॅनिंगनं १८६० साली लिहून ठेवली. त्या काळजीतून या शाळा निघाल्या. पुढे "युरोपियन शाळा" असा एक वेगळा वर्गच झाला, त्याचे नियम वेगळे, अनुदान वेगळं, आणि देशी मुलं घ्यायची तर ठरावीक मर्यादेपर्यंतच.

मंडळी, ही शाखा आपल्यासाठी उघडलेलीच नव्हती. आपण काउंटरवर गेलो असतो तर "हे खातं तुमचं नाही" असं उत्तर मिळालं असतं. आणि दीडशे वर्षांनी आपण हळहळतोय की ती शाखा आपल्या गल्लीत का नव्हती!

तरी कोणी म्हणेल, ग्वाल्हेरला छावणी होती की. होती. १८५८ पासून १८८६ पर्यंत आपला किल्ला इंग्रज फौजेच्या ताब्यात होता, मुरारला त्यांची मोठी छावणी होती. शिंद्यांना किल्ला आणि मुरार परत मिळालं ते १८८६ ला, आणि त्यासाठी झाशी शहर द्यावं लागलं. म्हणजे ज्या काळात डोंगराडोंगरावर या शाळा उभ्या राहत होत्या, नेमक्या त्याच अठ्ठावीस वर्षांत इंग्रज आपल्या डोक्यावर बसलेला होता. तरी वर दिलेल्या यादीत ग्वाल्हेर नाही. मेच्या लाहीत मुरारला कोण आपली पोरं ठेवणार? तोफा किल्ल्यावर आणि पोरं डोंगरावर, असा सरळ हिशेब. आपल्या वाट्याला त्या चर्चच्या सरकाराकडून जे यायचं होतं ते आलं, फक्त ते शाळा नव्हतं.

आता पुण्या-मुंबईचं. "तिकडची मुलं पुढे गेली ती मिशनच्या शाळांमुळे," हे तर अगदीच कच्चं खातं आहे. कॅथीड्रलमध्ये होमी भाभा शिकले, खरं आहे. मुंबईतल्या श्रीमंत पारशी घरांना तो दरवाजा उघडला. पण आपल्यासारखी, म्हणजे भिक्षुकी, कारकुनी, शिक्षकी करणारी मराठी घरं कशावर शिकली? पुण्यात १८८० ला चिपळूणकर, टिळक आणि त्यांच्या सोबत्यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. १८८४ ला रानडे-भांडारकर मंडळींनी मुलींसाठी हुजूरपागा काढली. त्याच सालची डेक्कन एज्युकेशन सोसायटी. नाव "न्यू इंग्लिश", शिकवणारे शेंडीवाले, फी माफक. पुणं पुढे गेलं ते यांच्यावर.

अँग्लिकन मिशन पुण्यात नव्हतं असंही नाही. पंचहौदाचं मिशन शहरातच होतं, आजही ते चर्च उभं आहे. पण पुण्याच्या पांढरपेशा समाजाला पंचहौद आठवतो तो कशासाठी? शाळेसाठी नाही, चहासाठी. १८९० साली तिथे व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा आला, आणि रानडे, टिळक, गोखले यांच्यासकट सगळ्यांवर ग्रामण्य आलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. ज्या समाजानं मिशनच्या एका कप चहावर दोन वर्षं डोकं फोडलं, त्याच समाजाचे पणतू आज म्हणतात, आम्हाला मिशननं शिकवलं असतं तर! शिकवायला आले असते तर आपल्याच पणजोबांनी पोरांना पाठवलं असतं का, हे आधी विचारा.

इथे एक गोष्ट न्यायानं सांगितली पाहिजे, नाही तर माझंही खातं खोटं ठरेल. अँग्लिकन शाळांचा एक दुसरा नकाशाही होता, आणि तो डोंगरावरचा नव्हता. चर्च मिशनरी सोसायटी आणि तिच्यासारख्या संस्थांनी मैदानात, देशी मुलांसाठी शाळा-कॉलेजं काढली. केरळात कोट्टायमला १८१७ पासून. आंध्रात मच्छलीपट्टणला १८४३ पासून. आणि आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत, आग्र्याला, १८५० साली सुरू केलेलं सेंट जॉन्स. नाशिकला शरणपूर म्हणून जी वस्ती आहे, तिथे तर गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना शिकवत. लिव्हिंग्स्टनचं शव आफ्रिकेतून किनाऱ्यापर्यंत घेऊन येणाऱ्यांत जेकब वेनराइट नावाचा तरुण होता, तो या नाशिकच्या शाळेतला.

हे काम लहान नव्हतं. ज्यांना आपल्या पंतोजींच्या शाळेत उंबऱ्याच्या आत घेत नव्हते, त्यांना तिथे पाटी मिळाली. तिरुनेलवेलीकडची कितीतरी घराणी आजही ते सांगतात. पण गंमत बघा. आपले लोक हळहळतात ते या शाळांसाठी नाही. कोट्टायमचं किंवा शरणपूरचं नाव काढून उसासा टाकणारा मला अजून भेटलेला नाही. उसासा असतो तो सिमला, दार्जिलिंग आणि पाचगणीसाठी. म्हणजे गरिबाला शिकवणारं मिशन आपल्याला नकोय. आपल्याला हवाय तो ब्लेझर.

आता जरा माझ्या धंद्यातलं सांगतो, कारण नकाशाचं खरं मर्म मला तिथे कळलं. १९६९ च्या जुलैत बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा सबंध देशात व्यापारी बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या. त्यांतल्या खेड्यांतल्या फक्त १,८३३. का? बँकवाल्यांना खेडं दिसत नव्हतं म्हणून नाही. जिथे ठेव तिथे शाखा, हा नियम होता म्हणून. मग नकाशा काढणाराच बदलला. १९७७ ला रिझर्व्ह बँकेनं नियम केला, शहरात एक शाखा उघडायची असेल तर जिथे बँकच नाही अशा ठिकाणी आधी चार उघडा. १९९१ पर्यंत खेड्यांतल्या शाखा पस्तीस हजारांवर गेल्या. आम्ही तरुण ऑफिसर लोक तेव्हा कुरकुरत होतो, भिंड-मुरैनाच्या आतल्या गावांत पोस्टिंग म्हणजे शिक्षा वाटायची. पण दहा वर्षांत त्या गावांतून मनीऑर्डरीऐवजी पासबुकं दिसू लागली.

शाखा कुठे उघडली, यावरून ती कोणासाठी उघडली ते कळतं. शाळेचंही तेच. इमारतीचा दगड बघू नका, पत्ता बघा.

हाच गज आपल्या घरालाही लावायला हवा. अँग्लिकनांनी डोंगरावर आपल्या लोकांसाठी शाळा काढल्या, आणि आपल्या सरकारांनी? १८९७ ला माधवराव महाराजांच्या राज्यात सरदार स्कूल निघालं, सरदारांच्या मुलांसाठी. तीच पुढे किल्ल्यावरची सिंधिया स्कूल. बाकीच्यांना तिचं दार उघडलं ते १९३३ नंतर. म्हणजे आपल्याकडेही वर किल्ल्यावर सरदारांची मुलं आणि खाली गोरखीत कारकुनांची, असाच नकाशा होता. मी संस्थानाचे गोडवे गायला बसलेलो नाही.

पण फरक एवढा, की खाली गोरखीत शाळा होती. शिंद्यांच्या जुन्या वाड्याच्या आवारात, देवघराच्या शेजारी, बाड्याच्या अगदी तोंडावर. पाटणकर बाजारातून, जनकगंजातून, दौलतगंजातून पायी येता येईल अशा जागी. तिथे पंडिताचा मुलगा, मुनिमाचा मुलगा, शिपायाचा मुलगा एका बाकावर बसला. अटलजी याच गोरखीच्या शाळेतले, त्यांचे वडील कृष्णबिहारी मास्तर होते. पुढे विक्टोरिया कॉलेज, आजचं महाराणी लक्ष्मीबाई महाविद्यालय. तेही राणीच्या जुबिलीचं नाव लावून उभं राहिलं, पण पैसा संस्थानचा आणि मुलं इथली. संयुक्त राष्ट्रांत हिंदीत भाषण करणारा माणूस कुठल्या डोंगरावरून आला नव्हता, तो आपल्या गल्लीतून चालत शाळेत जात होता.

आणि ज्यामुळे ग्वाल्हेरचं नाव सगळ्या जगात घेतात ते गाणं? कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ ला शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं, १९१८ ला माधवराव महाराजांनी भातखंड्यांच्या मार्गदर्शनानं माधव संगीत महाविद्यालय काढलं. कुठल्या बिशपची वाट बघितली नाही. हवं होतं ते स्वतः उघडलं, जिथे हवं होतं तिथे.

याहून मोठं उदाहरण हवं असेल तर सातारा जिल्हा घ्या. एकाच जिल्ह्यात दोन नकाशे आहेत. एक पाचगणी. जॉन चेसन नावाच्या इंग्रजानं वसवलेलं, चार हजार फुटांवरचं, थंड. तिथल्या सेंट पीटर्सचं जुनं नावच युरोपियन मुलांची शाळा असं होतं. एकोणीसशे पन्नासच्या दशकात झांझिबारहून एक पारशी मुलगा बोटीनं येऊन तिथे शिकला, फारुख बुलसारा, पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगप्रसिद्ध झाला. म्हणजे समुद्रापलीकडच्या झांझिबारहून त्या शाळेत पोचता येत होतं. पण पसरणी घाट उतरला की खाली वाई, तिथल्या कुणब्याच्या पोराला ती शाळा झांझिबारहूनही लांब होती.

दुसरा नकाशा त्याच जिल्ह्यातल्या भाऊराव पाटलांचा. १९१९ ला काल्याला रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह, गांधीजी १९२७ ला तिथे येऊन गेले. त्यांच्याकडे ना डोंगर, ना बिशप, ना महसूल. जिथे शाळा नाही तिथे शाळा, हा एकच नियम. आमच्या चारास एक नियमाच्या पन्नास वर्षं आधी त्या माणसानं तो पाळला. महाराष्ट्राची खेडी शिकली ती या नकाशावर. हेवा करायचाच असेल तर याचा करा.

आता आजकालच्या पाट्यांकडे या. अँग्लिकन चर्च उत्तर हिंदुस्थानात त्या नावानं आता उरलेलंच नाही. १९७० च्या नोव्हेंबरात नागपुरात ते इतर चर्चेसबरोबर एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. जुन्या शाळा त्याच्याकडे आहेत, चांगल्या चालल्यात, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आपल्या शहरांत गेल्या तीस-चाळीस वर्षांत ज्या "सेंट अमुक" नि "सेंट तमुक" नावाच्या शाळा निघाल्या, त्यांतल्या कितींच्या मागे खरंच चर्च आहे? मालक कोणी कंत्राटदार, कोणी गुत्त्यावाला, कोणी जमिनीचा दलाल. संताचं नाव बाराखडी बघून ठेवलेलं. विदर्भात तर "कॉन्व्हेंट" म्हणजे कुठलीही बालवाडी, नन औषधालाही नसते. आपण फी भरतो ती इंग्रजी शिकवण्याची कमी आणि पाटीची जास्त. हा आपल्याच उसाशावरचा धंदा आहे. आपण उसासा टाकतो, ते पावती फाडतात.

माझ्या ओळखीत एका घरानं मुलाच्या फीसाठी आजीच्या पाटल्या मोडल्या. शाळा गावाबाहेर बारा किलोमीटर, बसचा खर्च वेगळा, आणि संध्याकाळी तोच मुलगा इंग्रजीच्या ट्यूशनला गल्लीतल्याच एका रिटायर्ड मास्तरांकडे. मास्तर कुठे शिकले होते? सरकारी शाळेत.

"काका, पण इंग्रजी तर हवंच ना?" हो बाळा, हवंच. मी कुठे नाही म्हणतोय? बँकेत पहिली दहा वर्षं मी स्वतः ड्राफ्ट लिहिताना डिक्शनरी शेजारी ठेवत होतो. शाळा हिंदी, घर मराठी, इंग्रजी सहावीपासून. तरी इन्स्पेक्शन रिपोर्ट लिहिले, आणि हेड ऑफिसनं ते वाचले. इंग्रजी ही भाषा आहे, ती शिकवणारा लागतो आणि वाचणारा लागतो. त्यासाठी संत लागत नाही, डोंगर लागत नाही, आणि गरीब मुलाची शिष्यवृत्ती तोडणं तर मुळीच लागत नाही.

आणि मराठीचं काय? त्या "नामांकित" शाळांतून आपल्या नातवंडांना मराठी मिळणार आहे का? हिंदीसुद्धा अर्धवट राहते. ग्वाल्हेरात आपण दोनशे वर्षं मराठी टिकवली ती घरात, देवळात, गणपतीत आणि नाटकांत. शाळा हिंदी होती तेव्हाही टिकवली, कारण शाळा घरापाशी होती आणि मूल संध्याकाळी आजीपाशी होतं. बसमध्ये रोज दोन तास बसणाऱ्या मुलाला आजी कधी भेटणार?

आता मुद्द्याचं. सभेत माझं मत ठरावाच्या विरोधात पडेल. नुसतं विरोध करून बसणं बरं नाही, म्हणून तीन गोष्टी मांडतोय.

एक, शिष्यवृत्ती गरज बघून द्या, शाळेची पाटी बघून नको. ज्यानं "नामांकित" शाळेची फी भरलीय त्याला मुळात मदतीची गरज कमी. ज्याचं मूल सरकारी शाळेत जातं, त्याला वह्या, चष्मा, कॉम्प्युटरचा क्लास हवाय. निधी त्यासाठीच जमवला होता. देणाऱ्यांतले कितीतरी आज हयात नाहीत. त्यांच्या पैशाचा अर्थ आपण बदलायचा नाही.

दोन, आपल्यात निवृत्त मास्तर, प्राध्यापिका, रेल्वेवाले, बँकवाले कमी नाहीत. बाड्याच्या आसपास एक खोली मिळवू. आठवड्यातून तीन संध्याकाळी इंग्रजी आणि गणित, मोफत, कोणत्याही शाळेच्या, कोणत्याही जातीच्या मुलांना. गणित मी घेतो. गुडघे दुखतात, पण खाली बसायचं नाही, खुर्ची द्या म्हणजे झालं.

तीन, रविवारी तासभर मराठी. बाराखडी, वाचन आणि गप्पा. हे काम आपल्या काकू-मावश्या आपल्यापेक्षा चांगलं करतील.

याला कोणी म्हणेल, हे फार लहान आहे. असू दे. न्यू इंग्लिश स्कूलही काही मोजक्या माणसांनीच सुरू केलं होतं, आणि भाऊरावांकडे तर सुरुवातीला तेवढीही नव्हती. शाळा कोणाच्या नकाशावर असते हे त्या माणसांनी ओळखलं होतं, म्हणून त्यांनी दुसऱ्याच्या नकाशावर आपलं गाव शोधत वेळ घालवला नाही.

कॉटनसाहेबांवर माझा राग नाही. त्यांनी आपल्या लोकांची मुलं बघितली आणि त्यांच्यासाठी शाळा काढल्या. ते त्यांचं काम होतं. आपण आपली मुलं बघायची, हे आपलं काम आहे. आणि आपली मुलं डोंगरावर राहत नाहीत. ती कंपूत राहतात, माधवगंजात राहतात, शिंदे की छावणीत राहतात, आणि सकाळी पाठीवर दप्तर घेऊन पायी शाळेत जातात.

सभेला या. मत द्या. पटत नसेल तर खाली खुशाल लिहा, मी सगळ्यांना उत्तर देतो. फक्त "काका, तुमचा काळ वेगळा होता" एवढं लिहू नका. काळ वेगळा होता, हे मलाही ठाऊक आहे. हिशेब तोच आहे.

आपला,
गोरखीतला एक निवृत्त बँकवाला